बाळाशेजारची रिकामी जागा

कंदिलाची काच काजळली आहे, पण राहू दे. लाईट येईपर्यंत एवढा उजेड पुष्कळ झाला. मला अंधाराचं वावडं नाही. उमेदीची सगळी वर्षं मी अंधारातच पोट भरलं. चोऱ्या नव्हे हो, तारे बघायचो. तेही डोळ्यांना न दिसणारे. तुम्ही भुताची गोष्ट मागितलीत म्हणून ही सांगतो. हिच्यात भूत आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ठरवायची घाईही नाही.

पंचाहत्तर सालचा जानेवारी. त्या दिवशी सकाळी मी कोरेगावच्या स्टँडवर नायट्रोजनचा कॅन घ्यायला गेलो होतो. द्रव नायट्रोजन म्हणजे आपली हवाच, पण इतकी गार केलेली की पाण्यासारखी ओतता येते. पुण्याच्या बाजूला जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं एक केंद्र होतं. तिथं हा माल असायचा. तिथल्या डॉक्टरांशी ओळख काढून मी आठवड्याला एक कॅन मिळवत असे आणि तो एस.टी.नं यायचा.

"कुठल्या वळूचं म्हणायचं हे?" कंडक्टरनं विचारलं.

"रोहिणीशेजारच्या," मी म्हणालो. आमचं काम तेव्हा आकाशातल्या वृषभ राशीत चालायचं, पण तो समाधानानं मान हलवून गेला.

आमच्या संस्थेनं आम्हा दोघांना कोरेगावच्या वरच्या अंगाच्या एका पठारावर धाडलं होतं. एक मी, भाऊसो, मूळचा कुंडलचा. दुसरा महंमद शिकलगार, सांगलीचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कात्र्या-विळ्यांना धार लावायचा धंदा. महंमदनं त्याच हातांनी आमची दुर्बीण जोडली होती आणि तिच्याशी तो जनावराशी बोलावं तसं बोलायचा. पठारावर पत्र्याची शेड आणि तिच्यात पंधरा इंची आरशाची दुर्बीण, एवढाच आमचा पसारा. हिवाळ्यात तिथली हवा कोरडी ठणठणीत असे. आमच्या कामाला तीच लागायची, कारण हवेतली वाफ ताऱ्याची ऊब वाटेतच पिऊन टाकते.

राहायला आम्ही पठाराखालच्या वस्तीवर, रंगूबाईच्या घरी होतो. रंगूबाई त्या भागाची सुईण. हातानं धीट, तोंडानं त्याहून धीट. घरात ती, तिची सून सुला, दोन म्हशी आणि आम्ही दोन भाडेकरू. मुलगा जोतिबा फौजेत, पार आसामच्या टोकाला. रंगूबाईच्या हातचं पावट्याचं कालवण आणि बाजरीची भाकरी खाऊन माझं वजन वाढलं होतं. त्या घरात मी फार सुखात होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही करतो काय, हे एकदा सुलानं विचारलं होतं. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. अंगणात बसून ती पावटा सोलत होती. मी तिला कृत्तिका दाखवल्या, रोहिणी दाखवली, आणि त्यांच्या मधल्या अंगाला जिथं काहीच दिसत नाही ती काळी जागा दाखवली.

"तिथं ढग आहे. पाण्याचा नव्हे, वायूचा आणि धुळीचा. त्याच्या पोटात तारे जन्मतात. पोटात आहेत तोवर त्यांचा उजेड बाहेर येत नाही, पण ऊब येते. आमचं यंत्र ती ऊब बघतं."

रंगूबाईनं सुनेच्या पोटाकडं हात केला. "मग आमी काय येगळं करतो? आमी बी हात लावूनच बगतो की. आन बारसं कवा घालता त्यांचं?"

"बारसं नाही, नुसता नंबर देतो."

"आन पाचवी? पाचवी तरी पुजता का न्हाई?"

मी हसलो, पण ती हसली नव्हती. पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. तिच्यासाठी खोलीत पाटा-वरवंटा मांडायचा, कणकेचा दिवा लावायचा, कोरा कागद आणि टाक ठेवायचा. ती लिहिते ते कुणी बघायचं नाही. सुलाची आधीची दोन पोरं पाचवीलाच गेली होती. दोन्ही वेळा दिवा लावून झाला, पाया पडून झालं, आणि जेवणं व्हायच्या आत बाळ गार पडलं. ही हकीकत मला महंमदनं सांगितली. त्या घरात ती कुणी मोठ्यानं बोलत नसे.

मी कॅन घेऊन परतलो तो दिवस तिसऱ्या बाळाच्या पाचवीचा होता. मुलगा होता, चांगला टपोरा. कॅन खांद्यावरून उतरवतो तोच आतून सुलाची हाक आली. बाळंतिणीच्या खोलीत आम्ही जात नसू. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"भाऊसो, तुमचं यंतर अंधारात ऊब बगतंय न्हवं?"

"हो."

"मग आज माज्या पोरावर लावा. माजा डोळा लागतो... दोनी येळा लागला. त्ये गार पडाय लागलं की मला सांगा. लगीच सांगा."

रंगूबाई चुलीपासून ताडकन उठली. "सटवाईच्या वाटंवर नजर ठेवायची न्हाई गं! हात दावून अवलक्षान कशाला?"

"आत्याबाई, दोन येळा डोळं मिटून बसले. आता उगडं ठिवून बगू."

रंगूबाई चुलीकडं वळली आणि तिनं लाकूड आत सारलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि त्या दिवशी काडी म्हणजे मी होतो. आकाश तर काचेसारखं स्वच्छ होतं आणि कॅनमध्ये एका रात्रीपुरताच माल. आठ आठवडे आम्ही काळ्या ढगातल्या एका ताऱ्याच्या मागावर होतो. तो तिथं असायलाच हवा असं गणित सांगत होतं, पण यंत्र काही सांगत नव्हतं. मी महंमदकडं पाहिलं.

"तारं कुठं पळून चाललं न्हाईत, भाऊसो," तो म्हणाला आणि पाना घेऊन पठाराची वाट चालू लागला.

आता हे यंत्र कसं चालतं ते नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. जगातल्या सगळ्याच वस्तूंना थोडी ऊब असते. आकाशाला असते, आरशाला असते, आपल्या हातांना तर असतेच. यंत्राची स्वतःची ऊब नायट्रोजन ओतून मारायची. त्या गर्दीत ताऱ्याची ऊब ओळखायची कशी? त्यासाठी यंत्रात एक छोटी पाती सारखी थरथरत असते. तिच्यामुळं यंत्र एकदा ताऱ्याच्या जागेकडं बघतं आणि एकदा शेजारच्या रिकाम्या जागेकडं. दोन्हींतला फरक तेवढा एक टाक सरकत्या कागदावर काढतो. टाक उजवीकडं गेला की आपली जागा गरम. डावीकडं गेला की शेजारची गरम. मधोमध राहिला की दोन्ही सारख्या.

दिवेलागणीला महंमदनं यंत्राची पेटी दुर्बिणीतून काढून खाली आणली आणि उंबऱ्यावर एका पाटावर बसवली. ट्रकची बॅटरी अंगणात ठेवली. बाळ बाजल्यावर मध्यभागी. यंत्राची एक नजर त्याच्या तोंडावर, दुसरी वीतभर पलीकडं, भिंतीकडच्या मोकळ्या वाकळेवर. बाजल्याखालची शेगडी बाहेर काढावी लागली, नाहीतर यंत्राला तिच्याशिवाय दुसरं काही दिसलं नसतं. सुला बाजल्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. रंगूबाईनं यंत्राची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला. मग माझ्या यंत्रातल्या कागदाकडं आणि टाकाकडं पाहून ती म्हणाली, "ह्येनं बी त्येच मांडलंय की."

दार अर्धं लोटलं. कणकेच्या दिव्याचा उजेड कोपऱ्यापुरता, बाकी खोली काळीकुट्ट. शेपा-ओव्याच्या धुरीचा वास दाटून राहिला होता. पलीकडं म्हैस रवंथ करत होती. पाती बारीक घुमत होती आणि टाक कागदावर कुरकुरत होता. तो उजवीकडं चढला आणि तिथंच सरळ रेघ ओढू लागला. एवढ्याशा जिवाची केवढी ऊब! सबंध आकाशात इतका ठळक तारा मला कधी मिळाला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"हाय न्हवं?" अंधारातून सुलानं विचारलं.

"आहे."

थोडा वेळ गेला. "हाय न्हवं?"

"आहे. चांगला आहे. तू टेकलीस तरी चालेल."

"न्हाई... आज न्हाई."

मग पठारावरचा वारा पडला. म्हशीचं रवंथ थांबलं. मला वाटतं तेव्हाच टाक उतरायला लागला. एकदम नाही. मुरणारं पाणी हळूहळू खाली जावं तसा तो मधल्या रेघेकडं सरकत आला आणि बरोबर मधोमध थांबला.

"हाय न्हवं?"

मी पाती चालतेय का पाहिलं. चालत होती. नायट्रोजन पाहिला. पेटीतून पांढरी वाफ नीट बाहेर पडत होती. यंत्राला काही झालेलं नव्हतं.

"भाऊसो... हाय न्हवं?"

"सुला, हात लाव. त्याला हात लाव आधी."

कपड्यांची सळसळ झाली. मग तिचा श्वास सुटलेला ऐकू आला. "ऊन हाय. छातीबी हालतीया."

माझाही जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. बाळ ऊन असेल तर फरक शून्य होईल कसा? तो एकाच रीतीनं होतो. ते कळलं आणि मी उंबऱ्यावरून आत वाकलो.

"त्याच्या शेजारी... भिंतीकडं. वाकळेवर हात ठेव."

दिव्याच्या कडेकडेच्या उजेडात मला तिचा पुढं झालेला हात तेवढा दिसत होता. वाकळ सपाट होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

"हितं बी ऊन हाय," सुला हळूच म्हणाली. "तेवढंच... बाळाएवढं."

रंगूबाई भिंतीला धरून उभी राहिली. "उचल पोरगं. सुले, उचल म्हंते न्हवं!"

आणि टाक डावीकडं निघाला. आता बाळापेक्षा ती रिकामी जागा जास्त गरम होत होती.

"आत्याबाई... पोराचं हात गार पडाय लागलं."

"नेतीया! घिऊन चाललीया गं त्याला!" रंगूबाई बाजल्याकडं झेपावली. मी "महंमद, शेगडी आण!" असं ओरडलो. बाहेरून तो म्हणाला की निखारे विझलेत, आणि फुंकणीचा आवाज सुरू झाला. टाक डाव्या कडेला जाऊन कागदाच्या काठावर टकटक आपटू लागला. ते पोर आता जाणार, माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि मी ते रेघ काढून बघत बसणार, एवढं एकच मनात होतं.

पण सुलानं सासूचा हात धरला होता.

"दोनी येळा उचलून पळाले, आत्याबाई. दोनी येळा वाटंवरच गेलं. आता न्हाई उचलायची."

मग ती बाजल्यावर वाकली आणि त्या सपाट वाकळेशी बोलली. रडक्या आवाजात नव्हे. पोरं अंथरुणात भांडत असली की आई जशी दटावते तशी.

"कोन हाय त्ये मला ठावं हाय. तुमचा भाऊ हाय रं त्यो. गारठलाय. लांब नगा निजू... जवळ घ्या त्याला."

तिनं बाळावरची वाकळ ओढून त्या रिकाम्या जागेवरही नीट घातली. कडा खोचल्या. आणि दोन्हीकडं एकेक हात ठेवून बसून राहिली.

टाक काठावर आपटत होता, तो थांबला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग आला तसाच हळूहळू मध्याकडं सरकत गेला. मधोमध थांबला.

"काय हाय?" रंगूबाईनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"यंत्र म्हणतंय, सारखं आहे. दोन्हीकडं सारखं. पण गार की गरम ते त्याला सांगता येत नाही."

"गरम," सुला म्हणाली. "दोनीकडं गरम हाय. हात बी गरम झालं त्याचं."

बाळानं तेवढ्यात टाहो फोडला. असा खणखणीत, की बाहेर महंमदच्या हातातली फुंकणी पडली आणि म्हैस दचकून उठली. रंगूबाई मटकन पाट्यापाशी बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो, लाज कसली? मग तिनं डोळे पुसले, नैवेद्याच्या पोळीचे तीन तुकडे केले आणि बाजल्याच्या उशाशी ठेवले. त्यानंतर आम्ही जेवलो. सुलाही बाजल्यावर बसून पोटभर जेवली. पहाटे नायट्रोजन संपेपर्यंत मी टाक चालू ठेवला होता. तो मधल्या रेघेवरून तसूभरही हलला नाही.

शेगडी बाहेर काढली म्हणून बाळ गारठलं असेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. मग ते पुन्हा तापलं कशानं, याचं उत्तर मी आजवर शोधलेलं नाही. त्याचं नाव नाथाजी ठेवलं. दुधानं तोंड पोळलेली रंगूबाई बारशापर्यंत ताकही फुंकून पीत होती, पण पोराला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

पुढच्या आठवड्यात नवा कॅन आला. त्या रात्री पठारावर मी महंमदला म्हणालो, "ताऱ्याशेजारची जी जागा आपण रिकामी धरतोय, ती रिकामी आहे कशावरून?" आम्ही तुलनेची जागा लांब, ढगाच्या पार बाहेर नेली. टाक झरझर उजवीकडं चढला. तारा तिथंच होता, आणि त्याच्या शेजारी, रिकाम्या म्हटलेल्या जागेत, तितकाच उबदार दुसरा. दोघं एकमेकांना खोडून काढत होते. त्या ढगांत तारे एकेकटे क्वचितच जन्मतात. बहुतेकदा भावंडांसह जन्मतात. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि विचारलं, हे सुचलं कसं. मी म्हणालो, कोरेगावची हवा चांगली आहे.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात साताऱ्याला काम निघालं म्हणून वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. रंगूबाई थकली होती, पण तोंड तेच. नाथाजी अंगणात गोट्या खेळत होता. त्यानं मला त्या दाखवल्या, एक बक्षीसही दिली. मटकीची उसळ आणि भाकरी अशी भरपेट झाली की सुलानं आतल्या बाजल्यावर वाकळ टाकून दिली. "पडा वाईच," म्हणाली.

दुपारचं कवडशाचं ऊन खोलीत आलं होतं. भिंतीकडं तोंड करून मी पडलो आणि लगेच डोळा लागला. मध्येच पाठीमागं कुणीतरी येऊन निजलं. छान ऊब होती. एक पाय माझ्या पाठीवर येऊन आदळला, मग पुन्हा एकदा. पाऊल चांगलं लांबरुंद होतं. पाच वर्षांच्या मानानं नाथा बराच वाढलाय, असं झोपेतच मनात आलं. मी हात मागं नेऊन वाकळ त्याच्यावर ओढून दिली आणि पुन्हा सुखानं झोपलो.

उठलो तेव्हा बाजल्यावर मी एकटाच होतो. अंगणात आलो. सुला सुपात बाजरी पाखडत होती.

"नाथा कुठं गेला? आत्ता माझ्यापाशी निजला होता."

"त्यो? त्यो बालवाडीत हाय. तुमी आडवं झाल्याव गेला की. आत्याबाई आणाय गेल्यात."

पाठीवर ती ऊब अजून होती. सुलानं माझ्याकडं पाहिलं आणि ती हसली. अगदी रोजचं, घरातलं हसू.

"लाथा मारल्या व्हय? थोरलं हाय त्ये. मधलं गप निजतं एका कुशीला, पर थोरलं लय पाय झाडतंय." तिनं सूप आपटलं आणि कोंडा फुंकून टाकला. "वाढतंय न्हवं... आता बाजलं पुरंना झालंय त्याला."